डॉक्टरांपासून काय लपवावे?



वकिलाकडे लोक खटल्याचे काम घेऊन येतात. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणारी काही कुटुंबे असा एक प्रश्न विचारतात, की ज्याचा कोर्टाशी काही संबंध नाही. जमिनीच्या वाटपाचे किंवा दाखल्याचे काम आटोपते, कागद पिशवीत जातात, आणि मग घरातील बाई जरा मागे रेंगाळते व हळू आवाजात म्हणते, "वकीलसाहेब, आमच्या मुलाचं पुण्याला निदान झालंय. ऑटिझम म्हणतात. आता इथल्या डॉक्टरकडं तापासाठी न्यायचं, दातासाठी न्यायचं, तर हे सांगायचं का गप बसायचं?" राहुरी, नेवासे, पारनेर, श्रीगोंदे असा तालुका बदलतो, प्रश्न तोच असतो. एकदा तर एक तरुण शिक्षिका हा प्रश्न स्वतःविषयीच घेऊन आली. तिचे निदान वयाच्या तिसाव्या वर्षी झाले होते आणि घरातही ते कोणास ठाऊक नव्हते.

या प्रश्नाचे माझे उत्तर मी प्रथमच सांगून टाकतो. जो डॉक्टर आपल्यावर उपचार करीत आहे, त्याला सांगावे. मात्र कशासाठी सांगत आहोत हे आधी ठरवून सांगावे, आणि ज्याचा देह त्याच्या संमतीने सांगावे. हे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात सापडलेले नाही. याच्या नेमका उलट सल्ला देऊन, आणि त्याचे फळ डोळ्यांनी पाहून, मी ते शिकलो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा स्वमग्न आहे. तो सात वर्षांचा असताना त्याचे निदान झाले. वाचन उत्तम, एस.टी.च्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. परंतु परक्या माणसाच्या नजरेला नजर देणे त्याला जमत नाही, ट्यूबलाइटची गुणगुण त्याला असह्य होते, आणि विचारलेल्या प्रश्नाचे तो विचारले तेवढेच उत्तर देतो, त्यापुढे एक शब्दही नाही. निदानानंतर बहीण माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आक्का, कुठल्याही केसपेपरवर हा शब्द येऊ देऊ नकोस. कागदावर एकदा आलं, की ते जन्मभर पाठीस लागतं. उद्या धाकटीचं लग्न आहे, याची नोकरी आहे." आक्काने माझा शब्द प्रमाण मानला आणि दहा वर्षे पाळला.

चार वर्षांपूर्वी, तो सतरा वर्षांचा असताना, एके रात्री त्याला उलट्या झाल्या. जेवण बंद झाले, गुडघे पोटाशी घेऊन तो कोपऱ्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काने त्याला एका खासगी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आपुलकीने विचारले, "आता दुखतंय का?" तो म्हणाला, "नाही." त्या क्षणी कळ ओसरली होती, म्हणून त्याचे उत्तर अक्षरशः खरे होते. "कुठं दुखत होतं?" यावर तो गप्प राहिला. पोट दाबून पाहताना त्याने डॉक्टरांचा हात झिडकारला. तो कोणाचाही हात झिडकारतो, हे आक्काला ठाऊक होते. डॉक्टरांना ठाऊक नव्हते. माझा सल्ला आठवून आक्का एवढेच म्हणाली, "लाजाळू आहे हो जरा." पित्तावरच्या गोळ्या देऊन त्याला घरी धाडण्यात आले. त्या रात्री ताप चढला. सकाळी नगरला आणले, तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, की एवढे दुखत असताना हा मुलगा बोलला कसा नाही? तेव्हा कोठे आक्काने रडत रडत सर्व सांगितले. त्यावर ते म्हणाले, "हे काल सांगितलं असतंत, तर त्याच्या 'नाही'वर कुणी विसंबलं नसतं."

मुलगा अकरा दिवसांनी घरी आला. तो वाचला. पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आम्ही त्यांच्यापुढे अर्धा कागद ठेवला आणि पूर्ण निकाल मागितला. आणि तो अर्धा कागद फाडून ठेवण्याचा सल्ला माझा होता.

आता ही स्वमग्नता म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. हा संसर्गाचा रोग नव्हे, वेड नव्हे, आणि मतिमंदत्वही नव्हे, जरी काही जणांत बौद्धिक अक्षमता तिच्या जोडीला असते. मेंदूची घडणच जन्मापासून निराळ्या रीतीने होते. त्यामुळे बोलण्याची, इतरांचा आशय ओळखण्याची, आवाज, प्रकाश व स्पर्श जाणण्याची रीत निराळी होते. कोणी अजिबात बोलत नाही, तर कोणी पदवीधर होऊन नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांत एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे एखाद्या मोठ्या गावात अशी अनेक माणसे असावयास हवीत. ती आहेतच; फक्त त्यांना 'हट्टी', 'मुका', 'भोळसट' अशी दुसरी नावे मिळालेली आहेत.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बराच काळ मोठमोठे विद्वान असे सांगत राहिले, की आईच्या थंड वागणुकीने मूल असे होते. ते साफ खोटे ठरले. १९९८ साली इंग्लंडात एका डॉक्टराने गोवराच्या लसीवर आळ घातला. तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली तो मागे घेतला. आपल्याकडे या दोन आळांच्या जोडीला तिसरा असतो, तो पूर्वजन्मीच्या पापाचा. ज्या बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य ठरते ही कल्पना फेटाळून लावली, त्यांचे नाव घेणाऱ्या घरात तरी हा आळ उंबरठ्याच्या आत येता कामा नये. आईने काही केलेले नाही, बापाने काही केलेले नाही, आणि मुलानेही काही केलेले नाही. मग लपविण्याजोगे असे यात आहे तरी काय?

असा प्रश्न विचारणे सोपे आहे. परंतु जे लपवितात ते मूर्ख नव्हेत. त्यांची भीती कोठून येते, हे पाहिल्यावाचून त्यांना उपदेश करणे अन्यायाचे होईल.

डॉक्टराला आपली ओळख कळली की काय घडू शकते, याची आठवण आपल्या समाजात फार जुनी आहे. १९२९ साली 'यंग इंडिया'त काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते; बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ते उद्धृत केले आहे. त्या शिक्षकाची पत्नी नुकतीच बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार होईना. शेवटी गावच्या प्रतिष्ठितांची रदबदली झाली, तेव्हा बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते पतीच्या हाती आणि पतीने पत्नीच्या हाती दिले. नाडीला हातही न लावता उपचार झाला, आणि ती बाई दगावली. आज असे वर्तन अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरेल. परंतु ज्यांच्या आजीने असे दिवस पाहिले, त्या घराला 'डॉक्टरांना सगळं सांगा' हे वाक्य निर्धास्तपणे ऐकू येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगतचे आहे. १९९४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा त्या थांबल्या. ज्या मुलींच्या देहावर हे झाले, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. तेव्हा अपंगत्वाचा शिक्का बसला की देहावरचा अधिकार जातो, ही भीतीही हवेतून आलेली नाही.

तिसरी भीती रोजच्या अनुभवाची आहे. 'ऑटिझम' हा शब्द ऐकला, की काही डॉक्टर पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर टाकतात. मूल डोके आपटते? ऑटिझम. झोपत नाही? ऑटिझम. मग कानातील ठणका, दाढेतील कीड, पोटातील बद्धकोष्ठ कोणी तपासून पाहत नाही. प्रौढ माणसाचे तर याहून अवघड होते. डॉक्टर त्याच्याशी बोलणेच सोडतो आणि बरोबरच्या माणसाकडे पाहून विचारतो, "याला काय होतंय?"

आणि चौथी भीती गावाची. डॉक्टरांना कळले म्हणजे कंपाउंडरला कळले, कंपाउंडरला कळले म्हणजे पारावर कळले, आणि मग मुलीच्या सोयरिकीत ती गोष्ट निघाली, असा हा हिशेब आहे. मी आक्काला सल्ला दिला, तो याच हिशेबाने.

या चारही भीती खऱ्या धरून मी पुन्हा म्हणतो, की उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. याची कारणे पाहा.

डॉक्टराचे निम्मे काम रोग्याच्या बोलण्यावर चालते. स्वमग्न माणसाचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसेलच असे नाही. पुष्कळांना आपल्याच शरीरात कोठे दुखते आहे हे नेमके ओळखता येत नाही. प्रश्न त्याच्या मनात पोहोचून उत्तर तयार होण्यास वेळ लागतो, आणि तोवर डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर न दुखणे आणि न सांगता येणे यांत भेद कसा करील? शिवाय, स्वमग्न माणसांत फेफऱ्याचे, झोपेचे व पोटाचे विकार इतरांपेक्षा अधिक आढळतात. त्याला चालू असलेली औषधे, मग ती झोपेची असोत वा फेफऱ्याची, नव्या औषधांशी जुळतील की नाही, हे डॉक्टरांना तपासावे लागते. भूल द्यावयाची झाली, तर भूलतज्ज्ञाला हे आधी कळणे अत्यावश्यक आहे. म्हणजे तो शांत खोली देऊ शकतो, आईला भूल लागेपर्यंत जवळ थांबू देतो, मुखवटा आधी हाताळू देतो. दंतवैद्याच्या यंत्राचा आवाज, रक्त घेताना दंडाला बांधलेली पट्टी, डोळ्यांवर येणारा दिवा यांतील कशाने गोंधळ उडेल हे पूर्वी सांगितले, तर चार माणसांनी हातपाय धरण्याची पाळी बहुधा येत नाही. न सांगता मुलगा बिथरला, तर त्याला 'मस्तवाल' म्हणतात आणि दरडावतात. म्हणजे लपवून काहीच लपत नाही; वेगळेपण तर सर्वांना दिसतेच, त्याचे कारण तेवढे झाकले जाते. आणि कारण ठाऊक नसलेले वेगळेपण लोक नेहमी वाईटाच्या खात्यात मांडतात.

या बाबतीत विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू आपल्याच विष्ठेत पडून होता आणि कोणी त्याला पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि संघाला शुश्रूषेचे कर्तव्य सांगितले. हा भाग आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच्या पुढचा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रोग्याची पाच लक्षणे तेथे दिली आहेत. त्यांतील एक असे, की तो आपले हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकाला आपली अवस्था जशी आहे तशी सांगतो. वाढत असेल तर वाढते म्हणून, उतरत असेल तर उतरते म्हणून. लगेच शुश्रूषकाचीही पाच लक्षणे दिली आहेत. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी आणि मलमूत्राची किळस करू नये, ही त्यांपैकी होत. या दोन याद्या एकमेकींशेजारी आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सांगण्याचे कर्तव्य रोग्यावर आहे, तसे ऐकून घेण्याच्या लायकीचे होण्याचे कर्तव्य शुश्रूषकावर आहे. आणि सांगावयाचे ते कोणालाही नव्हे, तर हित इच्छिणाऱ्याला.

परंतु डॉक्टर हित इच्छीत नसेल तर? येथे वकील म्हणून मला काही सांगता येईल.

आपण आपल्या वकिलाला जे सांगता, ते काही अपवाद सोडल्यास न्यायालयही त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. डॉक्टरांना सांगितलेल्या गोष्टीस इतके भक्कम कुलूप नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तरीही कुलूप आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टराने रुग्णाचे गुपित फोडणे हे गैरवर्तन आहे. त्याला अपवाद तीनच : न्यायाधीशाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीस किंवा समाजास असलेला गंभीर धोका, आणि शासनाला कळविणे बंधनकारक असलेले रोग. स्वमग्नता यांपैकी दुसऱ्यातही येत नाही आणि तिसऱ्यातही येत नाही. याच नियमावलीप्रमाणे आपल्या उपचाराची कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. (२०२३ साली नवी नियमावली निघाली होती; ती त्याच वर्षी स्थगित झाली.) नियम मोडणाऱ्या डॉक्टराविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते; आयुर्वेदाच्या व होमिओपथीच्या डॉक्टरांच्या परिषदा निराळ्या आहेत. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा एकमुखी निर्णय दिलेला आहे.

दुसरा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता मानल्या आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. त्याच्या कलम ३ ने दिव्यांगतेच्या कारणावरून भेदभावास मनाई केली आहे. कलम २५ मध्ये सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयांत अडथळ्यावाचून प्रवेश मिळावा आणि तपासणीत व उपचारांत अग्रक्रम मिळावा, यासाठी उपाय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. गर्दीच्या ओपीडीत तीन तास बसणे ज्याला अशक्य आहे, त्याच्यासाठी हा अग्रक्रम केवढा मोलाचा आहे! परंतु जो सांगतच नाही, तो हा हक्क मागणार कसा? शिरूरच्या मुलींवर जे ओढवले, त्याविरुद्ध कलम १० मध्ये स्पष्ट शब्द आहेत : दिव्यांग व्यक्तीच्या स्वतंत्र व समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येणार नाही. आणि चारचौघांत दिव्यांग व्यक्तीला हेतुपुरस्सर अपमानित करणाऱ्यास कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दाद मागण्यासाठी राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यास आहे.

कायद्याने सर्व डॉक्टर सज्जन होतात, असे मी म्हणत नाही. आपल्या समाजाने कायदा आणि वागणूक यांतील अंतर पुष्कळ पाहिलेले आहे. परंतु हक्क उघड्यावर मागावा लागतो, हेही आपणच जगाला दाखवून दिले आहे.

आता हा निर्णय कोणाचा? मूल लहान असेल तर आईबापांचा. परंतु मूल जसजसे समजू लागेल, तसतसे त्याला विचारून. अठरा वर्षे पूर्ण झाली, की तो निर्णय त्याचा स्वतःचा. केवळ स्वमग्न असल्याने कोणाची कायदेशीर पात्रता जात नाही. त्याच २०१६ च्या कायद्याचे कलम १३ हेच सांगते. ज्याला खरोखरच निर्णयात आधार लागतो, त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो. पण ज्याला आपले म्हणणे बोलून, लिहून किंवा खुणेने सांगता येते, त्याच्या पाठीमागे त्याचे गुपित कोणाला सांगणे हा त्याच्या माणुसकीचा अवमान आहे, मग सांगणारी आई का असेना. त्या तरुण शिक्षिकेला मी हेच म्हणालो : तुम्ही सांगावे असे माझे मत आहे, पण तुम्ही न सांगण्याचे ठरविलेत, तर तो तुमचा अधिकार आहे. साध्या सर्दीखोकल्यासाठी कोणी गप्प राहिला, तर आकाश कोसळत नाही. शस्त्रक्रिया, भूल, बाळंतपण, दवाखान्यात भरती होणे, दीर्घ मुदतीची औषधे आणि न समजणारे दुखणे, येथे मात्र गप्प राहण्याची किंमत मोठी आहे.

काहींचा असा समज आहे, की डॉक्टरांना सांगणे म्हणजे सरकारी दाखला काढणे. या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. उपचारासाठी दाखल्याची गरज नाही. दाखला शासकीय रुग्णालयात तपासणीनंतर मिळतो. त्यासाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता ठरल्यास शिक्षणाच्या व सरकारी नोकरीच्या सवलती लागू होतात. तो काढावा की न काढावा, हा स्वतंत्र विचार आहे. डॉक्टरांशी बोलणे त्यावर अडवून ठेवू नये.

सांगावे कसे, यासाठी माझ्या काही सूचना आहेत. खिडकीवर केसपेपर काढताना, दहा माणसांच्या कानांवर पडेल असे सांगू नये. तेथे एवढेच म्हणावे, की डॉक्टरांना एक गोष्ट खासगीत सांगावयाची आहे. पाव कागदावर पाच-सहा ओळी आधी लिहून न्याव्या, कारण आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत. पहिली ओळ निदानाची. पुढे, दुखणे हा कसा व्यक्त करतो. कोणता आवाज, उजेड वा स्पर्श सहन होत नाही. कोणती औषधे चालू आहेत. प्रश्न कसा विचारावा. आणि शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची : 'आज जे होत आहे ते नेहमीचे नाही, ते नवे आहे.' ही एक ओळ सारे काही ऑटिझमच्या खात्यावर टाकू पाहणाऱ्या डॉक्टराला थांबविते. तो तरीही ऐकत नसेल, तर तसे केसपेपरवर लिहून मागावे आणि दुसरा डॉक्टर पाहावा. ही गोष्ट आपली आपल्यातच राहावी, असे डॉक्टरांना तोंडाने स्पष्ट बजावावे. ज्याचा उपचाराशी संबंध नाही, मग तो औषधाचा दुकानदार असो, शेजारी असो किंवा चौकशी करणारा सोयरा असो, त्याला काही सांगण्यास आपण बांधलेले नाही. गुप्तता आणि लाज या दोन गोष्टी एक नव्हेत. घराचे दार आपण रात्री लावतो, ते घराची लाज वाटते म्हणून नव्हे.

उरला प्रश्न सोयरिकीचा. माझ्या भाचीचे लग्न गेल्या वर्षी झाले. मुलाकडच्यांना आक्काने आधी स्वतः सर्व सांगितले. एका स्थळाने पाठ फिरविली, हे खरे आहे. दुसऱ्यांनी विचारले, "मग मंडपात त्याला आवाजाचा त्रास होईल ना? स्पीकर लांब लावू." त्या घरात भाची आज सुखाने नांदते आहे. जे घर भावाचा सांभाळ करणाऱ्या मुलीला नाकारते, त्या घरी ती पडली नाही, याचे दुःख करावयाचे की समाधान मानावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भाचा आता एकवीस वर्षांचा आहे. मागील महिन्यात त्याची दाढ दुखू लागली. या वेळी मी त्याला सल्ला दिला नाही, फक्त विचारले, "डॉक्टरांना सांगायचं का?" तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याच हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात होते : 'मी ऑटिस्टिक आहे. एका वेळी एक प्रश्न विचारा. हात लावण्याआधी सांगा. यंत्र सुरू करण्याआधी सांगा. मी नाही म्हणालो तर कशाला नाही ते पुन्हा विचारा.' दंतवैद्याने तो कागद दोनदा वाचला, वरचा दिवा बाजूला केला, आणि आक्काकडे न पाहता त्यालाच विचारले, "डावी की उजवी?"

त्या कागदात मला दुरुस्त करावेसे काहीच सापडले नाही. चौदा वर्षांपूर्वी मी जो शब्द केसपेपरवर येऊ देऊ नकोस म्हणून सांगितले होते, तो त्याने स्वतःच्या अक्षरात पहिल्या ओळीत लिहिला होता.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा, आणि त्याच्याबरोबर असा एक कागद लिहून ठेवा. दुखणे येण्याआधी लिहा. दुखणे आल्यावर वेळ मिळत नाही.

सप्रेम जयभीम.